बाबांचं नाव मी सगळीकडून काढलं

सोमवारी सकाळी शाळेत जाऊन नुकतीच खुर्चीवर टेकले होते, तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. "बाई, वावरात मशीन आली. इहीर बुजवाले आली म्हणते... मी बाबाचा कागद दाखवला, त त्यायनं दुसराच कागद काढला."

बाबांचा कागद म्हणजे कोर्टाचा स्टे. पुलगावजवळच्या आमच्या गावातून नवी रेल्वेलाइन जाणार आहे आणि तिची पट्टी नेमकी आमच्या विहिरीवरून आखली आहे. बाबांनी नागपूरला कोर्टात केस टाकली होती... लाइनला विरोध नाही, पण बाजूला सरकारी पडीक आहे, तिकडे थोडी सरकवा आणि आमची विहीर सोडा. विहीर गेली की उरलेलं वावर कोरडं. निकाल लागेपर्यंत विहिरीला हात लावू नका, असं कोर्टाने सांगितलं होतं.

दर तारखेला बाबा पुलगावहून गाडीने नागपूरला जायचे. तुमचं काही काम नाही, असं वकिलांनी सांगूनही जायचे. "जजले माणूस दिसला पाह्यजे," म्हणायचे. शेवटच्या बाकावर बसून संध्याकाळी परत.

दिवाळीनंतर बाबा गेले. एका रात्रीत, हार्ट अटॅकने.

मी शाळेत क्लार्क आहे. कागदपत्रांत माझा हातखंडा, अर्ध्या गावाचे अर्ज मीच लिहून देते. तेरवी झाली आणि मी कामाला लागले... रेशनकार्ड, बँक, गॅस, मतदार यादी, सगळीकडून बाबांचं नाव कमी केलं. सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं आणि माझं नाव चढवलं. लोकांना यासाठी वर्ष वर्ष हेलपाटे घालावे लागतात, माझं महिन्याभरात झालं.

नातेवाईक कौतुक करत होते आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. कागद हातात असले की रडू येत नव्हतं, हेही खरं.

आईच्या स्वतःच्या फोनशिवाय बाबांचा मोबाइलही आता तिच्याजवळ होता. तो वाजला की ती दचकायची, मग दिवसभर जेवायची नाही. म्हणून मी तो नंबरही बंद करून टाकला.

केसचं म्हणाल तर स्टे आहे, तारीख लागली की वकिलांचा फोन येईलच, असं धरून चालले होते. तो कोणाच्या नंबरवर येईल, हा विचार एकदाही डोक्यात आला नाही. खरंच नाही आला...

मंगळवारी रजा टाकून नागपूर गाठलं. वकील भला माणूस आहे. मला बघून त्यांनी फाइल काढून समोर ठेवली.

"ताई, मी तर बाबांच्याच नंबरवर फोन करून राह्यलो होतो. मंग नंबरच बंद. मले वाटलं, माह्यावर चिडले असतीन."

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. एका तारखेला समोरच्या वकिलाने आमचा नवा सातबारा कोर्टापुढे ठेवला. त्यावर बाबा नव्हते. कोर्टाने वारसांची नावं केसमध्ये आणायला मुदत दिली. आमच्या वकिलांच्या ऑफिसातून फाइलवरच्या जुन्या, म्हणजे बाबांच्याच नावाने घरी पत्र गेलं, पोस्टमनने त्यावर 'मयत' लिहून ते परत केलं. त्याचंही काय चुकलं... मुदत संपली, केस निकाली निघाली आणि तिच्याबरोबर स्टेही गेला.

आम्ही हरलो असतो तर एक वेळ सहन झालं असतं. विहीर वाचवायची की नाही, यावर कोर्टात शेवटपर्यंत कोणी बोललंच नाही. बाबा एवढ्या खेपा घालून ज्यासाठी थांबले होते, ते बोलणं झालंच नाही. आणि तो सातबारा मी धावपळ करून मिळवलेला होता.

आता उशीर माफ करून केस पुन्हा चालू करा, एवढाच अर्ज द्यायचा आहे. वकिलांनी तिथेच टाइप करून घेतला. 'अर्जदार ग्रामीण भागातील, अल्पशिक्षित असून तिला कायद्याचे ज्ञान नाही...' ते ओशाळून म्हणाले, "असंच लिहावं लागते, ताई. तुम्ही मनावर नका घेऊ."

मी एम.ए. आहे. सही करताना मला जराही राग आला नाही. लिहिलं होतं ते चूक कुठे होतं...

हे सगळं इथे मांडायचं कारण एकच. घरातलं कोणी गेलं आणि त्यांच्या नावाची केस चालू असेल, तर आधी वकिलाला कळवा. गॅसचं कार्ड, बँक, सगळं थांबू शकतं. कोर्टाला आपलं माणूस गेलेलं कळत नाही, आणि कळतं तेव्हा ते समोरच्याकडून कळतं.

तिथून थेट गावी गेले. वावरात पोचले तेव्हा मशीन निघून गेली होती. विहिरीच्या जागी ओल्या मातीचा उंचवटा होता आणि आई बाजूच्या बांधावर, धुऱ्यावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, सिमकार्डसकट. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिने एवढंच विचारलं, "तू सही केली तो अर्ज मंजूर झाला, त इहीर परत खोदून देतीन का?"

मी हो म्हटलं.

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि पदर झटकून उठली. माझ्या कागदांवर तिचा अजून विश्वास आहे... आणि मला तोच आता सहन होत नाही.