माशीची मुंगी होताना

इरा, अशी जवळ ये बघू. घरी ये म्हटलं तर फोनच्या पलीकडून "बघते, आजी" काय म्हणतेस? रागावणारच मी. "आई शेवटी तिथेच अडकून पडली, मला ते घर बघवत नाही," म्हणालीस नि फोन ठेवलास. सुलू, माझी भाची, तुझी आई, जाऊन महिना झाला. पेपरवाले म्हणाले, आजी, तिच्यावर लिहा. लिहिते. तू वाच, बाकीचेही वाचोत.

आईविना पोर, डहाणूला आमच्या चिकूच्या वाडीतच वाढली. शिकायला बडोद्याला निघाली तेव्हा तलासरीला हायवेवर मीच बसमध्ये बसवून दिली. म्हटलं, "हवं तिथे भटक, पण दिवाळीला नि मे महिन्यात मला अंगणात दिस." दिसायची. बडोद्यालाच गणित शिकवू लागली, लग्न झालं, तू झालीस, तरी दिसायची. वाकड्या पृष्ठभागावरची बेभरवशाची भटकंती, पुढच्या क्षणी कुठे वळेल ते कुणालाच ठाऊक नाही अशी, हा तिचा जन्माचा विषय. एकदा ओसरीवर चिकू पसरलेले, दुपारी झाडंसुद्धा पेंगत होती, आणि ही एका चिकूकडे टक लावून बसलेली. "आत्या, ही माशी बघ." "हाकल आधी तिला!" "अगं, ऐक तरी. मुंगी चिकू सोडत नाही, माशी घरभर उडते. समज, माशीला सांगितलं, कुठेही जा, पण मी टाळी वाजवली की चिकूवर बसलेली दिस. आता टाळ्या जवळजवळ आणत गेले तर?" "तर ती बिचारी उडणार कधी?" "तेच! माशीची मुंगी होते." म्हटलं, झालं मग तुझं गणित, चहा टाक. तर म्हणते, "नाही ना. गोल चेंडूवर दोघींची भटकंती अगदी सारखी निघते. पण चिकू लांबट, कुठे जास्त वाकलेला, कुठे कमी. चिकूला चिकटली तरी माशीच्या भटकंतीत त्या वाकाचा माग राहतो. मुंगीच्या नाही." मला कळलं असं वाटलं, मग वाटलं नाही… चिकूंचा गोड वास मात्र अजून नाकात आहे.

मग आजार आला. सुलू महिन्याला येऊ लागली, मग दर शनिवारी, मग परत गेलीच नाही. एका संध्याकाळी खाटेवरून म्हणाली, "आत्या, झाले बघ मुंगी. इराला वाटेल, आई हरली." मी म्हटलं, "गप गं. मी या अंगणातून कधी हलले नाही, मुंगी मी. तू इथे पडून बडोद्यासारखा चहात फुदिना मागतेस, झोपेत गुजरातीत वर्गातल्या पोरांना ओरडतेस. तूच म्हणालीस ना, दोघी सारख्या निघत नाहीत?" सुलू हसली. पुष्कळ वेळ छताकडे बघत राहिली, जणू तिथे काहीतरी उडतंय… "हे इराला सांग," म्हणाली. दोन दिवसांनी दुपारच्या झोपेतच गेली.

सांगितलं बाई. आता तिच्या खोलीचं बघ. चारी बाजूंनी वारा हवा म्हणून तिने खाट भिंतीपासून ओढून मधोमध घ्यायला लावली होती. सकाळी खिडकी उघडायला जाते तर गुडघ्याला लागते. मी तिला चार शब्द सुनावते आणि वळसा घालून जाते. तशीच ठेवायची की सरकवायची, तू ठरव. माझ्या एकटीच्याने हलत नाही गं ती. लवकर ये.