झिरो वायरमन

राजदीप मनवर दहावीला इंग्रजी आणि गणितात गेला, तेव्हा घरात कुणी रडलं-बिडलं नाही. त्याची आई इंदूबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला निघाली होती. पायात चप्पल सरकवता सरकवता तिनं एवढंच विचारलं, "मंग आता जुलैत पुन्हा बसशीन का?"

तो बसला. गणित कसंबसं निघालं. इंग्रजी मात्र तिथंच राहिलं, एकोणीस मार्कांवर. पुढच्या मार्चला बावीस. त्यानंतर त्यानं फॉर्म भरला नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरपासून अकरा किलोमीटरवरच्या बोरखेडीत असा पोरगा काय करणार? कापूस वेचायला जाईल नाहीतर पुण्याला. पण राजदीपला देवरावनं उचललं. देवराव म्हणजे वीज कंपनीचा लाइनमन. अकरा गावं त्याच्या एकट्याच्या अंगावर, वय चाळीशीपार, आणि डावा गुडघा कामातून गेलेला. खांबावर चढायला त्याला तरणी पोरं लागत. वर्गात राजदीप दहा मिनिटं धड बसत नसे; बेंच हलवायचा, खिडकीतून बघायचा, मास्तरांचा मार खायचा. खांबावर चढला की मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर यायचं. वर वारा, खाली गाव, हातात पक्कड. तिथं त्याला कुणी स्पेलिंग विचारत नव्हतं.

अशा पोरांना गावात 'झिरो' म्हणतात. झिरो वायरमन. कंपनीच्या कुठल्याच रजिस्टरात त्याचं नाव नाही, पगार नाही, विमा नाही. लाइट गेली की लोक लाइनमनच्या आधी त्यालाच फोन लावतात. ज्याचा मोटरपंप चालू झाला तो चहा पाजतो, खिशात काही कोंबतो. राजदीपनं अशी आठ वर्षं काढली. त्याच्यासोबत विक्की होता. एकाच वर्गातला, एकाच वर्षी नापास झालेला, एकाच देवरावचा झिरो.

ऑक्टोबरमधली गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याला पाणी द्यायची लोकांना घाई. नाल्याकाठच्या खांबावर तार तुटली. देवरावनं सबस्टेशनला फोन करून फीडर, म्हणजे गावाकडं येणारी मुख्य लाइन, बंद करायला सांगितलं. चढायची पाळी राजदीपची होती, पण त्यानं नुकताच डबा उघडला होता.

"तू जेव, मी पाहतो," विक्की म्हणाला, आणि चढला.

राजदीपनं भाकरीचा दुसरा घास मोडला असेल नसेल. तिकडे सबस्टेशनात पाळी बदलली. नव्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं की खांबावर कुणी चढलेलं आहे. लिहिलेलं तर काहीच नव्हतं. त्यानं फीडर चालू केला.

विक्की वाचला. उजवा हात कोपराखालून गेला.

यवतमाळच्या दवाखान्यात राजदीप बावीस दिवस जात-येत होता. एके दिवशी विक्कीच्या उशाशी कंपनीच्या अपघात-अहवालाची झेरॉक्स पडली होती. त्यात लिहिलं होतं, 'अनधिकृत इसम विनापरवानगी खांबावर चढला.' विक्कीनं तो कागद डाव्या हातानं त्याच्यापुढे धरला.

"आठ वर्षं गावाले लाइट देली बे आपण," तो म्हणाला. "आणि मी इसम?"

राजदीपनं कागद उशाखाली सरकवला. तो वॉर्डातून बाहेर पडला आणि चालत सुटला. त्या दिवसांत त्याचं हेच चाललं होतं. घरी असला की दारापासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून दारापर्यंत. नेरला कामाचं सांगून एसटीत बसायचा आणि स्टँडवर उतरून परतीच्या गाडीत चढायचा. यवतमाळात रस्ता दिसेल तिकडे. इंदूबाई म्हणायची, "अरे, घडीभर बस नं बाप्पा एका जागी. तुले पाहून माह्या जिवाले घोर लागते." तो बसायचा, आणि तिची पाठ वळली की उठायचा.

त्या दिवशी चालता चालता तो आयटीआयच्या फाटकापाशी थांबला. आत शेडमध्ये पोरं लाकडी फळ्यांवर वायरिंग करत होती. एका पोरानं जोड उलटा मारला होता. राजदीप फाटकातूनच ओरडला, "अरे, तसा नाही! फ्यूज उडवशीन!"

शेडमधून एक बाई बाहेर आल्या. प्रेरणा राऊत, वायरमन ट्रेडच्या निदेशक, म्हणजे शिकवणाऱ्या. वयानं त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या.

"कोण तुम्ही?"

"कोणी नाही मॅडम. बोरखेडीचा हाव. लाइनचं काम करतो."

"परवाना आहे?"

"दहावी नापास हाव." त्यानं ते एखादा आजार सांगावा तसं सांगितलं.

बाईंनी त्याला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. तो बसला नाही. उभ्यानंच ऐकलं. वायरमन ट्रेडला दहावी नापास चालतो. दोन वर्षांचा कोर्स. तो पास झाल्यावर बोर्डाचे फक्त दोन पेपर द्यायचे, मराठी आणि इंग्रजी. ते निघाले की दहावीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र. मग शिकाऊ उमेदवारीला अर्ज करता येतो, पुढच्या परवान्याचीही वाट उघडते.

"इंग्रजी लागतेच का?"

"लागतं."

"तेच तं खाते मॅडम मले."

"वय किती तुमचं?"

"पंचवीस."

"मग त्याला घाबरायचं वय गेलं," बाई म्हणाल्या. "प्रवेश जूनमध्ये. तोवर खांबावर चढू नका."

पण जून लांब होता आणि गाव तर जवळच. तीन वेळा लोकांनी त्याला घरातून बोलावून नेलं, तीन वेळा तो चढला. हाताला असा घाम सुटे की पक्कड सटके. पूर्वी ज्या उंचीवर त्याला निवांत वाटायचं, तिथं आता दर क्षणी सबस्टेशनातला एक न पाहिलेला हात डोळ्यांपुढे यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आयटीआयत त्याच्या बाकावर सतरा वर्षांची पोरं. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'काका' पडलं. प्रात्यक्षिकात काका सगळ्यांच्या पुढे. इतरांची वायरची साल सोलून होईपर्यंत याचा बोर्ड तयार. राऊत मॅडम जवळ आल्या, त्याच्या उघड्या हातांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुन्हा करा. हातमोजे घालून. आणि प्रत्येक पायरीला सांगा, हे का करतोय."

त्याला सांगता आलं नाही. आठ वर्षं केलं होतं, का केलं ते कधी कुणी विचारलं नव्हतं. मागून एक पोरगा खुदकन हसला. राजदीपनं पक्कड टेबलावर आपटली, सरळ स्टँड गाठला आणि नेरच्या गाडीत बसला. गाडी शहराबाहेर निघाली. खिडकीतून एकामागून एक खांब जाऊ लागले. कुठला कुठल्या बाजूला ताणलाय, कुठल्याचं अर्थिंग तुटलंय, हे त्याला दिसत होतं. का, ते माहीत नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर त्यानं कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. सात किलोमीटर उलट चालत तो वर्कशॉपवर पोचला, तेव्हा मॅडम कुलूप लावत होत्या.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "हातमोजे घालून."

दोन वर्षं गेली. ट्रेडची परीक्षा तो चांगल्या मार्कांनी पास झाला. मराठीचा पेपरही सहज निघाला. उरलं ते इंग्रजी.

इंग्रजीचा मास्तर झाला विक्की. त्याला स्वतःला इंग्रजी येत होतं अशातला भाग नव्हता, पण पुस्तक धरून बसायला त्याला वेळ होता. डाव्या हातात पुस्तक, मांडीखाली जुने पेपर दाबलेले.

"'बिकॉज'चं स्पेलिंग सांग."

राजदीप अंगणात येरझारा घालत सांगायचा. बसून त्याला एक अक्षर आठवत नसे.

"चुकला. पुन्हा."

"तुले येते का बे?"

"मले पुस्तकात दिसून राह्यलं नं. तू सांग."

मार्चच्या परीक्षेत सत्तावीस मार्क आले. राजदीपनं मोबाइल खाटेवर फेकला आणि दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी विक्की दारात येऊन उभा राहिला. "एकोणीस, बावीस, सत्तावीस," तो म्हणाला. "चढूनच तं राह्यला लेका. जुलैचा फॉर्म कवा भरतं?"

जुलैत अडतीस मिळाले. पास.

पण गाडं इथंही अडलंच. समकक्षतेचा, म्हणजे दहावीच्या बरोबरीचा, कागद हाती यायला वेळ लागतो, आणि शिकाऊ उमेदवारीच्या अर्जाची मुदत तोंडावर आलेली. राजदीपनं अमरावतीला बोर्डाच्या ऑफिसात दोन खेपा घातल्या. कागद आला तो मुदत संपल्यावर नवव्या दिवशी. पोस्टमननं लिफाफा दिला, सही घेतली, "पेढे कवा?" म्हणाला. राजदीप तो कागद घेऊन ओट्यावर बसला. हवा होता तेव्हा नव्हता, आता होता तर कामाचा नव्हता. मग सात महिने तो यवतमाळात लोकांच्या घरांचं वायरिंग करत राहिला. रोज सकाळी मोबाइलवर उमेदवारीची नवी जाहिरात पाहायची, रोज नसायची. एकदा झोपेतही तो बोट हलवत होता म्हणे, मोबाइल सरकवल्यासारखं.

पुढच्या फेरीत त्याचं नाव लागलं. नेमणूक महागावला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एका वर्षाची शिकाऊ उमेदवारी. पुढचं काही नक्की नाही. इंदूबाईनं ज्वारीच्या भाकरी बांधून दिल्या. यादी तिला वाचता येत नव्हती. तिनं फक्त त्याच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं आणि ते बोट थांबलं त्या ओळीकडे पाहून घेतलं.

डिसेंबरात तो दोन दिवसांच्या सुट्टीवर बोरखेडीला आला. सकाळी चहा घेत होता तोच नागोराव आणि चार-पाच शेतकरी दारात. नाल्याकडची लाइन बंद, गहू पाण्यावर आलेला. मागं लंगडत देवराव.

"चाल राजदीप, पटकन जोड मारून दे," नागोराव म्हणाले.

"परमिट घेतलं का काका?" राजदीपनं देवरावला विचारलं. परमिट म्हणजे लाइन बंद केल्याचा आणि वर कोण आहे याचा लेखी कागद.

"मी फोन केला हाय नं."

"त्या दिवशीबी केलता."

देवरावनं मान खाली घातली. मग नागोरावच भडकले, "आमचा गहू वाळून राह्यला, अन् तू कायदा शिकवतं? दोन बुकं शिकला तं साहेब झाला का बे?"

ही माणसं राजदीपला लहानपणापासून ओळखत होती. यांच्याच वावरांवर त्यानं आठ वर्षं काढली होती. नाही म्हणणं खांबावर चढण्याहून अवघड गेलं. तरी तो म्हणाला, "काका, मी महागावचा शिकाऊ हाव. इथं मले चढताच येत नाही. अन् परमिटबिगर कोणालेच चढू देत नाही. आज तरी नाही."

शिव्या पडल्या. एक जण तर त्याच्या आईला ऐकू जाईल असं बोलू नये ते बोलला. इंदूबाई आतून चुलीपुढून ओरडली, "बोला, बोला! पण माह्या पोरानं सांगतलं तसंच करा."

दोन तास गेले. देवराव मोटरसायकलवर सबस्टेशनला जाऊन परमिट घेऊन आला. त्यावर चढणाऱ्याचं नाव एकच होतं, त्याचं स्वतःचं. पन्नाशीपार गेलेला तो माणूस दुखऱ्या गुडघ्यानिशी शिडी चढला. खाली राजदीपनं शिडी दोन्ही हातांनी अशी धरली की तळव्यात वळ उमटले. जोड मारून देवराव उतरला आणि खांबाला टेकून बसला.

"विक्कीच्या येळेस मी कागद भरला असता तं..." तो म्हणाला. राजदीपनं त्याला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी निघताना तो विक्कीकडे गेला. विक्की खाटेवर एक फॉर्म पसरून बसला होता, कागद उडू नये म्हणून वर मोबाइल ठेवलेला. मुक्त शाळेचा फॉर्म. विषय आपले आपण निवडायचे, एकेक करून पेपर द्यायचे, एका झटक्यात सगळे काढायची सक्ती नाही.

"गणित नाही घेत मी," विक्की म्हणाला. "लिहायले डावा हात हाय, हळू चालते. लेखनिक मिळते म्हणे. पण मले सोताच लिहायचं हाय. जमन का?"

"जमन," राजदीप म्हणाला, आणि लगेच, "माहीत नाही बे. आपण इचारू."

महागावची गाडी दोन ठिकाणी बदलावी लागते. पहिल्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. एक वर्ष, त्यातले चार महिने गेलेले. पुढं कायम करतील की हाकलतील, कुणी सांगत नव्हतं. तो आठ महिन्यांचा हिशोब बोटांवर करत राहिला, मग ते सोडून विक्कीला लेखनिकाबद्दल कुणाला विचारायचं ते आठवू लागला. राऊत मॅडमना माहीत असेल. त्यानं फोन लावला. लागला नाही. घाट उतरेपर्यंत रेंज येणार नव्हती, हे ठाऊक असूनही त्यानं पुन्हा लावला.