आईला वगळून लावलेलं कुंकू

काकींचं बोट आईच्या कपाळाजवळ आलं आणि तसंच पुढं सरकलं. आईनं डोळे मिटले होते. कुंकू लावून घेताना ती नेहमीच मिटायची. त्यामुळं तिला कळलंच नाही. काकी पुढच्या बायकांना लावत गेल्या तरी ती मान पुढं करून तशीच बसलेली.

"हिला नगं," काकी मागं न बघता म्हणाल्या. "पोटचं पोर जवळ घेत न्हाई ती. बाधा हाय तिला. माझ्या लेकीबाळी बसल्यात हितं."

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. निमोण्याच्या अलीकडची आमची वाडी, आणि सोसायटीच्या चेअरमनचं शेणानं सारवलेलं अंगण. काकी म्हणजे त्या चेअरमनची बायको. आमची मेंढरं आजोबांनीच विकली होती, आता आम्हीही शेतीच करत होतो. पण गावाच्या लेखी आम्ही मेंढरंवालेच. बसायचो ते कडेला, चपलांजवळ.

मी पाचवीत होते. आई कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडली होती. तिचे केस मीच विंचरले होते, हट्ट करून मीच तिला आणलं होतं. आता मीच तिचा दंड धरून तिला उठवलं. कुणीतरी पदराआड हसलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या वाटत होते, आम्हाला कुणी दिली नाही. नवरा जिवंत असलेल्या बाईचं कपाळ भर अंगणात वगळणं म्हणजे काय, ते गावातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

धाकटा भाऊ झाल्यापासून आई बदलली होती. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. ताट समोर तसंच. बाळ रडलं की भिंतीकडं तोंड करून हीच रडायची. म्हणायची, माझ्या हातनं त्येचं बरंवाईट व्हईल, त्येला लांब ठेवा. आजीनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. वडील म्हणायचे, नाटकं करते.

त्या हळदीकुंकवानंतर बाधा पक्की झाली. काकी बोलल्या म्हणजे गाव बोललं. वडिलांनी देवऋषी आणला. त्यानं मिरच्यांची धुरी केली, आईचे केस मुठीत धरले आणि विचारलं, कोण हाईस तू? आई खोकत खोकत स्वतःचं नाव सांगत राहिली. खोटं बोलते म्हणून त्यानं अजून मिरच्या टाकायला लावल्या. मी दारात उभी होते. तो खोकला मला अजून ऐकू येतो.

पुढं आई सावरली, म्हणजे कामाला लागली. पण परत कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही. कुणाचं तान्हं बाळ हातात घेतलं नाही. समोरून लेकुरवाळी आली तर स्वतःच वाट सोडायची.

दहावीनंतर मामानं मला दौंडला नेलं. तो रेल्वेत होता. एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मला कामाला लावलं. आधी आया, मग नर्सच्या हाताखाली. एकदा आमच्या डॉक्टरबाई एका बाळंतिणीच्या नवऱ्याला समजावत होत्या. झोप उडते, भूक जाते, सारखं रडू येतं, बाळाविषयी माया वाटेनाशी होते, आपल्याच हातून त्याला काही होईल अशी भीती बसते. बाळंतपणानंतर काहींना हा आजार होतो. डिप्रेशन म्हणतात. उपचारानं बरा होतो.

मी ट्रे घेऊन तिथंच थिजले. त्या माझ्या आईचं सांगत होत्या. संडासात जाऊन मी तोंडात ओढणी कोंबून रडले. मग रडू संपलं आणि राग आला. तो अजून संपलेला नाही.

काही वर्षांनी दवाखान्यासमोर एक जीप थांबली. काकी उतरल्या, मागून त्यांची लेक. त्या दिवशी अंगणात पुढच्या ओळीत बसलेली, माझ्याच वयाची. पहिलं बाळंतपण होऊन महिना झालेला. डोळ्यांखाली काळं, बाळ काकींच्या हातात. शिरूरला ओळखीचं कुणी भेटेल म्हणून इतक्या लांब आणलेली. गावात कावीळ सांगितली होती.

लेक बरी झाली. पुण्याहून आठवड्याला मानसोपचाराचे डॉक्टर यायचे, त्यांच्या गोळ्या, पुरती झोप, कुणीतरी ऐकून घेणारं. तिला धुरी लागली नाही. तिचे केसही मीच विंचरायचे. तिच्यावर माझा राग नाही. पेशंटचं नाव बाहेर न्यायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो मी पाळला.

पण जायच्या दिवशी काकींना जिन्यात गाठलं.

"काकी, हिला बाधा हाय का आजार?"

"आजार हाय गं. डाक्टरनीच सांगितलं न्हवं?"

"मग माझ्या आईला काय हुतं?"

त्यांनी आत्ता मला नीट ओळखलं. कठडा धरला. "तवा कुणाला काय ठावं हुतं, बाई."

"तुमच्या घरात आला तवा ठावं झालं."

त्या वर्षी दिवाळीला मी गावी गेले. तिन्हीसांजेला काकी आमच्या मागच्या दारानं आल्या. हातात कुंकवाचा करंडा, काखेत साडी. आई चुलीपुढून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटून कपाळ पुढं केलं. मी मध्ये उभी राहिले.

"मागच्या दारानं न्हाई. पुढच्या दारानं या. तवा होत्या त्या समद्या बायका बोलवा आन् त्यांच्यासमोर लावा. का लावलं नव्हतं ते सांगा."

"माझ्या लेकीचा संसार मोडंल."

"लेकीचं नाव कोण मागतंय? तुमी काय केलं ते सांगा."

काकी करंडा झाकून गेल्या. आई माझ्यावर चिडली. म्हणाली, लावू दिलं असतंस तर काय गेलं असतं तुझं? तिला कुंकू हवं होतं, मला माहीत आहे. पण चोरून लावलेलं नको.

आता लग्न होऊनही मी दर संक्रांतीला रजा काढून माहेरी येते आणि काकींच्या अंगणात जाते. हळदीकुंकवाला आलेल्या सवाशिणीला दारातून परत पाठवता येत नाही. मी कडेला बसत नाही, पुढच्या ओळीत बसते. बोट माझ्या कपाळाजवळ आलं की डोळे उघडे ठेवून मान मागं घेते. मग जमलेल्या लेकीसुनांना मोठ्यानं सांगते की बाळंतपणानंतर झोप उडाली, बाळ नकोसं झालं, मरावंसं वाटलं तर दवाखाना गाठा, त्याला आजार म्हणतात. याच अंगणात त्याला बाधा म्हणून माझ्या आईला वगळलं होतं, आणि वगळणारी ही समोर उभी आहे. लेकीचं नाव माझ्या तोंडून कधीच जाणार नाही. तिच्या आईचं दर वर्षी जाईल. काकींचं बोट तसंच हवेत राहतं, कुंकू त्यांच्याच पायावर सांडतं. सांडू दे. ज्या दिवशी त्या हे अंगण ओलांडून, सगळ्यांदेखत, आमच्या पुढच्या दारात येतील त्या दिवशी मी थांबेन, त्याच्या आधी नाही.