हातगोळेवाल्याचा बनियन

माझे सासरे, म्हणजे बाबा, हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. परदेशी यंत्रं आली आणि कंपनीने जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत. घरी बसल्यावर त्यांनी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमधले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त केल्या. मग जे बिघडलं नव्हतं तेही उघडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी पक्कड तांदळाच्या डब्यात लपवली.

त्याच सुमारास मी माझ्या कंपनीच्या कामासाठी तीन महिने अमेरिकेत राहून परतले. भाच्यासाठी हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांची एक मोठी पिशवी आणली होती. भाच्याला हवा होता व्हिडिओ गेम. त्याने पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाबांनी मात्र एकेक सैनिक चष्म्यासमोर धरून पाहिला.

"यांच्या हातातून बंदुका काढल्या," ते म्हणाले, "तर माणसं बरी आहेत."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर सैनिकांची सोसायटीतली माणसं करायचा कारखाना सुरू झाला. गरम पाण्यात बुडवून हातपाय वाकवायचे, ब्लेडने बंदूक छाटायची, टाचणी खुपसून त्यावर नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी चढवायची. त्या मऊ प्लास्टिकवर ऑइलपेंट धरत नसे. रात्री रंगवलेली साडी सकाळपर्यंत सोलून निघायची. शेवटी त्यांनी आधी सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा हात द्यायला सुरुवात केली, मग रंग टिकला.

सुरुंग शोधणाऱ्याच्या हाती झाडू आला आणि तो आमच्या जिन्याची झाडूवाली झाला. खांद्यावर तोफ घेतलेल्याला लाल सिलिंडर मिळाला. पालथा पडून नेम धरणारा झोपलेला वॉचमन झाला. त्याला फारसं काही करावंच लागलं नाही. पिस्तूल उगारलेला अधिकारी सोसायटीचा अध्यक्ष झाला, पिस्तुलाऐवजी नुसतं बोट आणि वर पुट्टीचं पोट.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये हा देखावा मांडला. पुठ्ठ्याची इमारत, पुढे पार्किंग आणि सगळीकडे आम्ही. लोक हसत होते, एकमेकांना ओळखत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुढे आले आणि एका बाहुलीपाशी थबकले. हातगोळा फेकणाऱ्या सैनिकाला बाबांनी गॅलरीत उभं केलं होतं. हातात गोळ्याऐवजी कचऱ्याची गाठ मारलेली पिशवी होती. अशा पिशव्या आमच्या मागच्या गल्लीत गेले वर्षभर वरून पडत होत्या. कोण टाकतं, याचा सगळ्यांना संशय होता. पुरावा कुणाकडेच नव्हता.

"अहो, हा मी नाही," गृहस्थ म्हणाले.

"तुम्ही आहात असं कोण म्हणालं?" बाबा म्हणाले. "कुठे नाव लिहिलंय का?"

"नाव कशाला? बनियन माझा आहे! हिरव्या काठाचा!"

 हॉलमध्ये उभी असलेली खरी झाडूवालीच आधी हसली. गृहस्थांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. प्रसाद न घेताच ते निघून गेले.

मी घाबरले. बाबांना म्हटलं, "भांडण होईल आता." ते म्हणाले, "पिशवी पडते का बघ."

नाही पडली. रविवारी मात्र गृहस्थ स्वतःच दारात उभे. "हातातलं तेवढं बदलून द्या," खाली बघत म्हणाले. "आरतीचं तबक चालेल."

"हात डोक्याच्या वर आहे. तबक उपडं होईल आणि आग लागेल," बाबांनी गांभीर्याने सांगितलं. बराच खल झाल्यावर छत्रीवर तडजोड झाली. सासूबाईंनी दोघांना पोहे दिले. मग बातमी पसरली आणि रीघच लागली. अध्यक्ष पोट कमी करून मागायला आले. बाबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पुट्टी वाळली आहे. आता तुम्हीच कमी करा."

या सगळ्यात मी कुठेच नव्हते. एकदा विचारलंच, "बाबा, मी कुठे आहे?"

"तू सोसायटीत असतेस कधी?" ते म्हणाले. पण त्यानंतर चहा पिताना माझ्याकडे टक लावून बघायला लागले. आठवड्याने टेबलावर कंपनीची पांढरी बस उभी होती. खिडकीशी जीपच्या ड्रायव्हरपासून बनवलेली मी, गळ्यात ओळखपत्र, मान काचेवर, तोंड चांगलं उघडं.

"तोंड कशाला उघडं?"

"रोज सकाळी मी दूध घेऊन येतो तेव्हा तुमची बस चौकात वळते. दिसतं की."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून जागी राहिले. चौकात बाबा दिसले, हातात दुधाच्या पिशव्या. मी खिडकीतून जोरात हात हलवला. त्यांनी बघितलं, पण हात काही केला नाही.

संध्याकाळी घरी आले तर ते बस उघडून बसले होते. शेजारी गरम पाण्याचं पातेलं.

"स्वस्थ झोपायचं ना," ते कुरकुरले. "आता हात नवा करावा लागतोय."