शोभाचं उणे उत्तर

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. काल नातीच्या वहीत किरचॉफच्या नियमाचं गणित दिसलं, उत्तर उणे अर्धा अँपिअर, आणि मोताळ्याचा तो बारावीचा वर्ग समोर उभा राहिला.

मी नवाच मास्तर होतो. फळ्यावर दोन लूपचं सर्किट होतं. शोभाने बाण काढून प्रवाहाच्या दिशा धरल्या, समीकरणं सोडवली. उत्तर उणे आलं. पुस्तकात उणे नव्हतं.

"काऊन वं, तुह्या घरची वीज उलटी वाह्यते काय?" मी म्हणालो. वर्ग खो खो हसला.

"सर, म्या बाण उलटा धरला असंल. आकडा बरोबर हाये," ती हळूच म्हणाली. मी ते चिन्ह पुसून टाकलं.

घरी सोडवून पाहिलं, तेव्हा उमगलं. उणे म्हणजे प्रवाह बाणाच्या उलट वाहतो, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पुढचा धडा घेतला. शोभा पुन्हा फळ्याशी आली नाही.

तेव्हा वाटलं, आपला मान राहिला. आज तिचा खाली गेलेला चेहरा तेवढा दिसतो. पुढे एकदा ती आठवडी बाजारात भेटली, वाकून पाया पडली. मी लेकरांची चौकशी केली, कापसाचं विचारलं. ओठांवर आलेलं मात्र तसंच राहिलं : "पोरी, तुहं बरोबर होतं. म्या चुकलो. माफ कर मले."