श्यामलाताईंची बोटं

श्यामला कानविंदे बावीस वर्षं बराकपूरच्या एका नर्सिंग होममध्ये नवजात बाळांच्या विभागात नर्स आहेत. यजमान चंद्रकांत बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले, कारण ताईंचा पाय त्या विभागातून निघेना. बाळांच्या आयांशी त्या बंगालीत बोलतात, बाळांशी मराठीत. "त्यांना कुठलीही चालते, मला माझी बरी पडते," म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. पदराची पिन लागेना. एकदा बाळाच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली, तर ती किती घट्ट बसली हेच त्यांना कळेना. त्यांनी तडक मेट्रनला सांगितलं, "मला नोंदींच्या टेबलावर बसवा. ज्या बोटांना कळत नाही, त्यांनी बाळ हाताळू नये." घरी येऊन मात्र खूप रडल्या.

थायरॉईड कमी असल्याची गोळी दहा वर्षं चालूच होती, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्यांनी टाचेच्या वर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला रेंगाळलं. ही थायरॉईड कमी पडल्याची खूण, म्हणून रक्त तपासलं, तर थायरॉईड फारच कमी.

"नसा त्यानंच दुखावल्यात. गोळी घेता कशी?"

उत्तर चंद्रकांतरावांनी दिलं, तेही अभिमानानं. "पहाटे ही निघायच्या आत मीच देतो. गेल्या वर्षी कॅल्शियम सुरू झालं, तेव्हापासून दोन्ही गोळ्या एकाच बशीत, चहाबरोबर. एक दिवस चुकलो नाही."

"काका, कॅल्शियम त्या गोळीला अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तास हवेत."

"म्हणजे मीच..."

"अहो, नर्स मी आहे ना? तुम्ही दिल्या, मी गिळल्या. निम्मा गुन्हा माझा!"

बोटं परतायला सहा-सात महिने लागले. ताई विभागात आल्या, पण प्रत्येक गोष्ट दुसऱ्या नर्सकडून तपासून घेऊ लागल्या.

त्याच सुमारास माझी लेक सानिका तिथे बाळंत झाली. रक्तदाब चढला होता. झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम लावलं होतं. नात जन्मली ती ओल्या फडक्यासारखी लुळी. रडणं क्षीण, दूध ओढेना. मी ताईंना गाठलं.

"मॅग्नेशियमनं सानिकाला सांभाळलं," ताई म्हणाल्या. "थोडं हिच्यातही उतरलंय. लघवीवाटे जाईल, एक-दोन दिवसांत. श्वासावर आमचं लक्ष आहे. तुम्ही जेवून या बघू."

मी काही जेवायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी हातमोजा घातलेलं बोट बाळाच्या तोंडात ठेवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"ओढतेय," त्या हळूच म्हणाल्या. मग डोळे उघडून, "नूपुर, तू बघ गं. मला भास तर होत नाही ना?"

तरुण नर्स नूपुरनं हातमोजा चढवून बोट ठेवलं. "भास कसला, दीदी! चांगली ओढतेय."

ताईंनी नातीला स्वतः उचलून सानिकाजवळ दिलं. ती प्यायला लागली. मी आभार मानायला वळले, तर ताई नवा हातमोजा चढवून पुढच्या पाळण्याशी पोचल्याही होत्या, आणि या वेळी त्यांनी नूपुरला हाक मारली नाही.