बारा दिवस टांगलेलं हँडल

शहापुरात माझ्या दवाखान्यासमोर एका मेकॅनिकचं गॅरेज होतं, म्हणजे एक चिंच आणि तिच्या फांदीला टांगलेली, इंजिन उचलायची साखळी. मुलं मोठी झाली आणि माझा जुन्या मोटारींचा छंद पुन्हा उफाळून आला, तेव्हा गाडी निवडायला मी त्यालाच बरोबर नेऊ लागलो.

तो आधी बॉनेटवर तळवा ठेवायचा, ताप बघावा तसा. जरा ऊब लागली की म्हणायचा, "नाय. आपण यायच्या आधीच तापवून ठेवलीय. गार असली तर उठायची नाय ही." आणि मालकासमोरच पाठ फिरवायचा. अशा पाच गाड्या त्याने नापास केल्या.

सहावी मुरबाडला, पेंढ्याच्या खोपीत सापडली. बॉनेट गार होतं. इंजिन न्याहाळून तो पहिल्यांदाच "हां" म्हणाला. मी आनंदाने दार उघडलं, तर मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली! मालक तिला उचलायला वाकला. याने त्याचा हात धरला.

"किती दिस झाले?"

"नऊ."

"मंग अजून बारा दिस, पिल्लं निघंपर्यंत, गाडी हलवायची नाय."

"अरे, उद्या ही गाडी बघायला कल्याणचं गिऱ्हाईक येतंय!" मी कळवळलो.

गाडी चालू करायचं हँडल त्याने पिशवीत घातलं आणि एसटीत जाऊन बसला. शहापुरात आल्यावर ते चिंचेला टांगलं. मी रोज पेशंट तपासता तपासता त्या हँडलकडे बघत राहिलो.

तेराव्या दिवशी मुरबाडहून येणाऱ्या सकाळच्या एसटीतून उतरून त्याने चिंचेवरचं हँडल काढलं आणि तो थेट दवाखान्यात शिरला. "सुटली, डाक्टर. नऊ पिल्लं. समदी खुशाल हायत," म्हणाला, आणि हँडल माझ्या हातात दिलं.